उभ्या इंजिनाचा गंज

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत झालेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या मांडवात गंजावर व्याख्यान ठेवणाऱ्या आपल्या विश्वस्तांच्या धाडसाचे प्रथम कौतुक करतो. सोन्याला गंज चढत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. पण आपली पोटे सोन्यावर चालत नाहीत, लोखंडावर चालतात, आणि न्यासाच्या शिष्यवृत्तीवर शिकणारी निम्मी मुले आज यंत्रशाळेत काम करतात. तेव्हा त्यांच्या उपयोगाचे काही सांगावे, अशी आज्ञा झाली. मी पंडित नव्हे. लहान विमानांच्या इंजिनांवर हात काळे करण्यात माझे आयुष्य गेले. जे हाताला कळले तेच सांगणार आहे.

आपल्या भागाचा विमानाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध जुना आहे. सांबऱ्याचा तळ दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली उभा राहिला. कोल्हापूरचा उजळाईवाडीचा तळ त्याहून तीन वर्षे जुना. आपल्या शेजारच्या गडहिंग्लजजवळ हसूरचंपू नावाचे गाव आहे. तेथे १९०८ साली जन्मलेले डॉ. विष्णु माधव घाटगे जर्मनीत गटिंगेन येथे प्रांटल या थोर शास्त्रज्ञापाशी शिकले आणि बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांनी एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान निर्माण केले. ५ ऑगस्ट १९५१ रोजी ते प्रथम उडाले. भारतात आखलेले आणि भारतातच बांधलेले ते शिकाऊ विमान, आणि त्याचा कर्ता आपल्या तंबाखूच्या नि उसाच्या पट्ट्यातला. पुढे २०२१ साली वैमानिक प्रशिक्षणासाठी जे पाच विमानतळ निवडले गेले, त्यांतही बेळगाव होते. हत्तरगीला तर विमानांचे सुटे भागच तयार होतात. म्हणजे उद्या आपल्या मुलांच्या हाती हे काम येणार, किंबहुना काहींच्या हाती ते आलेच आहे.

आता मूळ विषयाकडे वळू.

गंज म्हणजे काय, हे शाळेत शिकवतात: लोखंड, हवा आणि पाणी. पण पाणी म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे पाऊस येतो. पावसाचे पाणी छपराने अडते हो! घात करते ते न दिसणारे पाणी. निपाणीच्या मंडळींना हे मी काय सांगावे? सुकलेला तंबाखूचा पाला दुपारी हातात घेतला तर चुरा होतो. तोच पाला पहाटे दवात नरम पडतो, तेव्हाच तो हाताळायचा. त्याच्यावर कोणी पाणी शिंपडलेले नसते, हवेतली ओल तो पितो. आषाढात घरातल्या गुळाच्या ढेपेला पाणी सुटते, तेही असेच. पोलादाचे तसेच आहे. हवेतली आर्द्रता साधारण साठ टक्क्यांच्या वर गेली की उघड्या पोलादावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पापुद्रा धरतो आणि गंजाची गती एकदम वाढते. आणि एकदा गंज धरला की तो स्पंजासारखा आणखी ओल ओढतो. बेळगावचा जून ते सप्टेंबर आठवा. आंबोलीच्या घाटावरून येणारे ते धुके, आठवडेच्या आठवडे न वाळणारी धोतरे. त्या चार महिन्यांत आर्द्रता साठाच्या खाली येते कधी?

शेतकरी हे जाणतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर याच बेळगाव भागात विसाव्या शतकाच्या आरंभी जन्मला. तेव्हापासून नांगर ठेवताना फाळाला जुने तेल चोपडायचे, हे खेड्यातल्या पोरालाही कळते. मग विमानाच्या इंजिनात तर तेलच तेल असते, ते का गंजावे? मलाही तरुणपणी हाच प्रश्न पडत असे, आणि त्याचे उत्तर मला फार महाग पडले.

ती हकीकत सांगतो. क्लबाचे नाव घेत नाही, कारण चूक माझी होती.

१९७८ चा पावसाळा. एका फ्लाइंग क्लबात मी मदतनीस मेकॅनिक होतो. चार सिलिंडरचे लायकमिंग इंजिन असलेले एक विमान चार महिने हँगरमध्ये उभे होते. वरिष्ठ इंजिनियर दुसऱ्या ठिकाणीही काम पाहत, आठवड्याला एकदा येत. मला इंजिनाची फार काळजी. दर रविवारी सकाळी मी विमान बाहेर काढी, दहा मिनिटे इंजिन चालवी, आणि पुन्हा आत लोटून ठेवी. मधल्या दिवशी पंखा हाताने चार वेळा फिरवी, म्हणजे तेल सगळीकडे पोहोचेल. सारे म्हणत, पोरगा मन लावून काम करतो. मलाही तसेच वाटे.

दसऱ्यानंतर उड्डाणे सुरू झाली. पंधरा-वीस तासांनी शिक्षक म्हणू लागले की विमान चढताना जड वाटते. तेल बदलण्याची वेळ आली तेव्हा मी जाळी काढून पांढऱ्या फडक्यावर झटकली. बारीक चमचम दिसली. कार्बनची पूड काळी असते, अ‍ॅल्युमिनियमची चमकते खरी, पण चुंबकाला धरत नाही. मी चुंबक जवळ नेला, आणि निम्मी चमचम उडी मारून त्याला चिकटली. ते पोलाद होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका विद्यार्थ्याचे पहिले एकट्याचे उड्डाण ठरले होते. मुलगा आपल्याच भागातला, वडिलांनी तंबाखूच्या पट्टीचे पैसे आणून फी भरलेली. क्लबाच्या कारभाऱ्यांचे म्हणणे पडले की नव्या मोसमात थोडी पूड निघतेच, परीक्षा तोंडावर आहेत, इंजिनियरसाहेब शनिवारी येतील तेव्हा पाहतील. मी काही मोठा अधिकारी नव्हतो. पण तयारीच्या कागदावर माझी आद्याक्षरे लागत. ती मी घातली नाहीत. रात्रभर झोप आली नाही, कारण नोकरी जाईल ही भीती खरी होती. आणि ही पूड माझ्या हातून झाली असेल, असे तेव्हा मनातही आले नव्हते!

शनिवारी साहेब आले, एक सिलिंडर उतरवला, टॉर्च लावून आत पाहिले आणि मला जवळ बोलावले. कॅमशाफ्टवरची दोन उंचवट्याची टोके झिजून गोल झाली होती. टॅपेटच्या तोंडावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे. साहेबांनी एवढेच विचारले, "पावसात काय केलेस?" मी मोठ्या अभिमानाने रविवारची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "अरे, तू दर रविवारी त्याला पाणी पाजलेस."

आता त्याचे कारण ऐका, कारण हेच आजच्या भाषणाचे सार आहे.

पेट्रोल जळते तेव्हा त्यातल्या हायड्रोजनचे पाणी होते. एक लिटर पेट्रोल जाळले की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. बहुतेक धुराड्यातून जाते, परंतु थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांच्या फटींतून खाली तेलाच्या पेटीत उतरते. इंजिन गार असताना या फटी अधिक मोठ्या असतात, म्हणून वाफही अधिक उतरते. विमान तासभर आकाशात चालले, तेल चांगले तापले, तर हे पाणी उकळल्यासारखे निघून जाते. लायकमिंग कंपनीच्या सूचनेप्रमाणे तेलाचे तापमान ७४ ते ९३ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहून किमान एक तास सलग उड्डाण झाले पाहिजे, आणि दोन उड्डाणांत तीस दिवसांहून अधिक अंतर पडू नये. समुद्रकाठी किंवा दमट हवेत तर त्याहूनही कमी. जमिनीवर दहा मिनिटांत तेल नुसते कोमट होते. पाणी आत येते, बाहेर जात नाही. त्यात ज्वलनाची आम्ले मिसळतात. विमानाच्या पेट्रोलात अजूनही थोडे शिसे असते, आणि ते शिसे साठू नये म्हणून घातलेल्या ब्रोमीनयुक्त द्रव्याचीही आम्ले होतात. रात्री इंजिन गार झाले की हे आंबट पाणी पोलादावर दवासारखे धरते.

आणि ते कुठे धरते? या इंजिनांत कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर, पेटीच्या माथ्याशी असतो. त्याला तेल मिळते ते मुख्यतः खालून उडणाऱ्या शिंतोड्यांचे. इंजिन थांबले की काही दिवसांत ते तेल ओघळून खाली जाते आणि माथ्यावरचे पोलाद उघडे पडते. कॉन्टिनेंटल कंपनीच्या पुष्कळ इंजिनांत कॅमशाफ्ट खाली असतो, म्हणून त्यांना हा त्रास कमी. आपल्या जुन्या पुष्पक विमानांची इंजिने कॉन्टिनेंटलची होती, आणि जुने मेकॅनिक त्यांच्या सवयीने वागत. तशातच मी पंखा हाताने फिरवीत होतो. हाताने फिरवल्याने तेलाचा पंप काही कामाचा दाब देत नाही. उलट टोकांवर जो थोडा तेलाचा थर उरला होता, तो टॅपेट पुसून काढीत होते. स्वयंपाकघरात तवा पुसून कोरडा ठेवतात, तसे मी कॅम पुसून ओला ठेवीत होतो.

गंजाचा डाग नखाएवढाही असायला नको. कॅमच्या टोकावर टॅपेट फार मोठ्या दाबाने घासतो. मध्ये तेलाचा जो केसाहून बारीक थर असतो, त्यावर सारे अवलंबून असते. गंजाच्या खड्ड्यावर तो थर फाटतो, धातूवर धातू घासतो, कडक पृष्ठभागाचे पापुद्रे निघतात, आणि मग झीज थांबत नाही. टोक झिजले की झडप कमी उघडते, श्वास कमी जातो, शक्ती उतरते. इंजिन बहुधा एकाएकी बंद पडत नाही. पण धावपट्टी संपत आलेली असताना आणि पुढे झाडे असताना ते जड झाले, तर पहिल्यांदाच एकटा बसलेला मुलगा काय करणार?

क्रँकशाफ्टचा गंज याहून वाईट. तेथे झीज होत नाही, तडा जातो. गंजाचा खड्डा म्हणजे कापडाला मारलेली कात्रीची पहिली चिमटी. पुढे नुसत्या ताणाने कापड फाटते. काही लायकमिंग इंजिनांत क्रँकशाफ्टचे पुढचे टोक पोकळ असते, आणि पंखा स्थिर पात्यांचा असला तर त्या पोकळीत ओल साचते. आतल्या गंजाच्या खड्ड्यांतून तडे गेल्याचे आढळले, तेव्हा १९९८ साली अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने ३२० आणि ३६० मालिकेतील अशा चार सिलिंडरच्या इंजिनांची ती पोकळी तपासण्याचा आदेश काढला. तपासून निर्दोष ठरलेल्या पोकळीला आतून संरक्षक लेप द्यायचा. खड्डा सापडला तर त्यावर लक्ष ठेवायचे किंवा शाफ्ट काढायचा. बाहेरून पाहणाऱ्याला यातले काहीही दिसत नाही.

मग पावसाळ्यात करावे तरी काय? सर्वांत चांगले म्हणजे विमान उडवावे. उडवायचे नसेल तर चालवूच नये, नीट मिटवून ठेवावे. लोणच्याची बरणी अर्धवट झाकत नाहीत, तसे हे आहे. शेवटच्या उड्डाणाआधी जुने आंबट तेल काढून गंजरोधक मिश्रणाचे तेल भरावे आणि त्यावर उड्डाण करावे, म्हणजे ते सगळीकडे पोहोचते. इंजिन गरम असतानाच वरचे स्पार्क प्लग काढून, पिस्टन खाली असताना, प्रत्येक सिलिंडरमध्ये त्याच तेलाचा बारीक फवारा मारावा. त्यानंतर पंखा तसूभरही हलवू नये. प्लगच्या जागी सिलिका जेलचे पारदर्शक प्लग लावावेत. धुराडे, हवेचे तोंड, तेलपेटीचा श्वासनळा ही सारी भोके ओल न शिरेल अशी बंद करावीत, आणि पंख्याला ठळक पाटी बांधावी: 'इंजिन मिटवलेले आहे, पंखा फिरवू नये.' ही पाटी विसरू नका. माझ्यासारखा एखादा मन लावून काम करणारा पोरगा कुठेही असतो.

सिलिका जेलचे खडे कोरडे असताना निळे दिसतात, ओल प्यायले की गुलाबी होतात. घरात मिठाच्या बरणीत आपण तांदूळ टाकतो, त्याचाच हा शिकलेला भाऊ. दर पंधरवड्याला पाहावे, गुलाबी झाले तर बदलावे. तेच खडे मंद भट्टीत तापवून पुन्हा कोरडे करता येतात. पुढे मी एक स्वस्त युक्तीही केली. माशांच्या काचेच्या टाकीला हवा देणारा लहान पंप घेतला, ती हवा सिलिका जेलच्या बरणीतून नेऊन तेलपेटीत सोडली, आणि तीच हवा पुन्हा पंपाकडे आणली. आत कोरडी हवा फिरत राहते. परदेशातले हौशी विमानमालकही असे करतात, हे मला मागाहून कळले. मात्र उड्डाणापूर्वी नळ्या काढल्याची खूण कागदावर हवीच.

चालू विमानाचे तेल तासांवर बदलतात तसे दिवसांवरही बदलावे. पूर्ण फिल्टर असेल तर पन्नास तास किंवा चार महिने, यांतले जे आधी येईल ते. नुसती जाळी असेल तर पंचवीस तास. विमान उडाले नाही म्हणून तेल नवेच आहे, हा हिशेब किराणा दुकानात चालेल, येथे नाही.

गंज चढलाच तर? येथे आपल्या उद्यमबागेतल्या मुलांनी कान द्यावा, कारण आपल्या शेडमध्ये गंज काढण्याचे जे सोपे उपाय आहेत, त्यांतले निम्मे येथे घातक आहेत. सिलिंडरच्या भिंतीवर नुसती तांबूस झाक असेल तर बोअरस्कोपने पाहून, तेल लावून, अनुभवी माणूस ती चालवून घेतो. खड्डे पडले असतील तर सिलिंडर उतरवावाच लागतो. पुष्कळ सिलिंडरांच्या आतला कडक केलेला थर अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असतो, तो घासून खड्डा काढू गेलात तर खड्ड्याबरोबर कडकपणाही गेला. कॅमचे टोक आणि टॅपेटचे तोंड यांवर खड्डा म्हणजे बाद. झडपेच्या स्प्रिंगवर खड्डा म्हणजे बाद. त्यात दयामाया नाही. क्रँकशाफ्टवरचा वरवरचा डाग तेल लावलेल्या अतिबारीक पॉलिश कापडाने पुसून पाहावा, आणि मग चुंबकीय तपासणी झाल्याखेरीज तो परत बसवू नये.

आणि तेजाबाचे काय? ओतशाळेत आपण गंजलेला भाग हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडात बुडवतो, चकाचक निघतो. कडक पोलादाच्या भागाला असे कधीही करू नका. तेजाबातून सुटणारा हायड्रोजन पोलादाच्या अंगात शिरतो आणि त्याला ठिसूळ करतो. भाग सुंदर दिसतो, मापात बसतो, आणि काही दिवसांनी ताण पडल्यावर काचेसारखा तुटतो. मुलामा दिलेले कडक भाग म्हणूनच १९० अंशांच्या सुमारास कित्येक तास भाजून तो हायड्रोजन बाहेर काढतात. मुलामा असलेल्या बोल्टला तारेचा ब्रश मारणे हेही असेच शहाणपण, त्यापेक्षा नवा बोल्ट घ्यावा. अ‍ॅल्युमिनियमला लाल गंज येत नाही, पांढरी भुकटी येते. बॉक्साइटच्या गावात हे वेगळे सांगायला नको. पण त्यावर पोलादी काथ्या घासला तर त्याचे कण मऊ धातूत रुततात आणि पुढची विद्रूपता आपण स्वतःच पेरतो. हाताच्या घामाचीही गोष्ट आहे. त्यात मीठ असते. नुकत्याच धुतलेल्या बेअरिंगला उघडा अंगठा लावलात, तर पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी त्यावर तुमच्या अंगठ्याचा तांबडा छाप उमटतो. जमिनीच्या व्यवहाराला अंगठा चालेल, बेअरिंगला नाही.

थोरांनीही पावसापुढे हट्ट केलेला नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले आणि आपल्याकडची हवाई टपालसेवा सुरू झाली. त्या काळी पावसाळ्यात भरतीच्या वेळी जुहूच्या मैदानावर पाणी येई, म्हणून विमाने, माणसे, हत्यारे, सारे बिऱ्हाड पुण्याला हलवीत. आपल्याला पुण्याला जायचे नाही, फक्त भोके बुजवायची आहेत.

त्या मुलाचे काय झाले, असे मघाशी एका भगिनींनी विचारले. त्याचे उड्डाण अडीच महिने लांबले, दुसऱ्या विमानावर झाले. परीक्षा एका वर्षाने पुढे गेली. त्याच्या वडिलांनी मला रस्त्यात गाठून बोल लावले, आणि त्यांच्या बाजूने ते खरेच होते. इंजिनाच्या दुरुस्तीचा खर्च एवढा झाला की त्या वर्षी क्लबाने दुसरा पंखाही घेतला नाही. माझी नोकरी टिकली. साहेबांनी माझी चूकही लिहिली आणि न घातलेली आद्याक्षरेही लिहिली.

तो बाद झालेला कॅमशाफ्ट साहेबांनी मला देऊन टाकला. गेली कित्येक वर्षे तो माझ्या घरी तेलकट फडक्यात गुंडाळून आहे. आज येथे टेबलावर आणला आहे. डावीकडून तिसरे आणि चौथे टोक पाहा, बाकीच्यांच्या शेजारी बोट फिरवले की फरक कळेल. मुलांनी रांगेने यावे, खुशाल हात लावावा, आणि प्रत्येकाने नंतर शेजारच्या फडक्याने तो पुसून ठेवावा.